खुब्यातला लॅब्रम फाटलाय? एक्स-रेपासून कुबड्या सुटेपर्यंत काय काय करायचं

एमआरआयच्या रिपोर्टात 'लॅब्रल टीअर' दिसलं की घरात पहिला प्रश्न येतो तो ऑपरेशनचा. कुठं करायचं, किती खर्च, कधी? हा प्रश्न खरं तर चौथा किंवा पाचवा. दुखणं नक्की सांध्यातलंच आहे का, हाडांचा आकार कसा आहे, कूर्चा किती शिल्लक आहे आणि नीट व्यायाम करून झाला का, हे आधी ठरायला हवं.

खुबा म्हणजे कमरेच्या हाडातली वाटी आणि तिच्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोल. वाटीच्या काठाभोवती चिवट कूर्चेची कडी असते, तीच लॅब्रम. कुकरच्या रिंगेचं काम ती करते, आतलं वंगण आत धरून ठेवते. कुकरचा काठच चेपलेला असेल तर नवी रिंगसुद्धा चार दिवसांत कातरते. लॅब्रमही पडून-आपटून फाटतो, पण त्याहून अधिक वेळा हाडाचाच आकार त्याला वर्षानुवर्षं चिमटत असतो. हाड तसंच ठेवून नुसता लॅब्रम शिवला की दुखणं परत येतं ते म्हणूनच.

हाडाचे दोष मुख्यतः तीन. गोल आणि त्याखालची मान (मांडीच्या हाडाचा अरुंद भाग) जिथं जुळतात तिथं हाडाचा उंचवटा असतो तो कॅम. तरुण पुरुषांत आणि वाढीच्या वयात जोरदार खेळलेल्यांत तो जास्त सापडतो. वाटीचा काठ गरजेपेक्षा जास्त पुढे आलेला असतो तो पिन्सर. पुष्कळांना दोन्ही थोडे थोडे असतात. तिसरा दोष उलटा: वाटीच उथळ, गोलावर पुरेसं छप्पर नाही. याला डिस्प्लेसिया म्हणतात. पहिल्या दोघांत हाड कमी करायचं असतं, तिसऱ्यात गोल झाकायचा असतो. इथं गल्लत झाली तर ऑपरेशनने पाय अधिक बिघडतो.

दुखणं सांध्यातलंच आहे का?

दवाखान्यात 'कंबर दुखते' एवढंच सांगितलं की बहुतेक वेळा मणक्याचा एमआरआय निघतो आणि पैसे तिथंच संपतात. त्यापेक्षा जागा बोटाने दाखवा. खुब्याचं दुखणं जांघेत, खोलवर असतं. पेशंट बऱ्याचदा अंगठा मागे आणि बोटं पुढे अशी खुब्याला बाजूने पकड घालून दाखवतो. पंगतीत मांडी घालून बसल्यावर उठताना कळ येते. शौचाला उकिडवं बसवत नाही. निपाणीत विड्या वळत तासन्‌तास जमिनीवर बसणाऱ्या बायका, खानापूरकडे रोप लावताना वाकून राहणारे, तालमीत बैठका मारणारे आणि बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीसाठी पळणारी पोरं, सगळ्यांची तक्रार साधारण सारखीच असते: सांधा खोल वाकवला की दुखतं, सरळ चालताना तितकं नाही. कधी आत 'कट' वाजतं, कधी पाय क्षणभर अडकतो.

डॉक्टर उताणं झोपवून खुबा ९० अंशात वाकवतात, गुडघा दुसऱ्या पायाकडे नेतात आणि पाऊल बाहेर फिरवतात. यात जांघेत नेहमीची कळ आली नाही तर लॅब्रमचा संशय बराच कमी होतो. कळ आली म्हणजे लॅब्रमच, असं मात्र नाही.

याच जागी दुखणारे दुसरे आजार आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यांना उशीर परवडत नाही. गोलाचा रक्तपुरवठा तुटणं, म्हणजे एव्हीएन, तरुणांतही होतो. स्टेरॉइड घेतलेल्यांनी आणि दारू जास्त असणाऱ्यांनी तो आधी तपासून घ्यावा. सुरुवातीला साधा एक्स-रे नॉर्मल येतो, एमआरआयवरच तो दिसतो. रात्री दुखणं, संध्याकाळचा ताप आणि वजन घटणं असेल तर खुब्याचा टीबी. पहाटे कंबर आखडून अर्धा-एक तासाने मोकळी होत असेल तर संधिवाताचे डॉक्टर. पळण्याचा सराव एकदम वाढवल्यावर जांघेत दुखू लागलं आणि एका पायावर उडी मारवत नसेल तर मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक चीर असू शकते. तिथं पळणं त्याच दिवशी बंद. हर्नियाही विसरू नये.

हाडवैद्याकडे पाय ओढून घेण्याची सवय आपल्या बेळगाव सीमाभागात अजून आहे. निदान व्हायच्या आधी झटका देऊन खुबा 'बसवून' घेऊ नका. वरच्यापैकी निम्म्या आजारांत त्याने थेट नुकसान होतं.

आधी एक्स-रे, आणि तोही नीट

एमआरआय महाग आणि एक्स-रे स्वस्त म्हणून एक्स-रेला कमी लेखलं जातं. हाडाचा आकार मोजायचा तर सुरुवात एक्स-रेनेच होते. 'खुब्याचा एक्स-रे' एवढंच सांगितलं तर दुखऱ्या बाजूचा एकच फोटो हातात येतो. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून असं लिहून घ्या: पेल्व्हिस एपी, दोन्ही खुब्यांसह, डन व्ह्यू ४५ अंश, दोन्ही बाजू, फॉल्स प्रोफाइल, दुखरी बाजू.

पहिल्या फोटोत पाय सुमारे १५ अंश आत वळवलेले हवेत. डनमध्ये खुबा ४५ अंश वाकवून २० अंश बाहेर न्यायचा आणि पाऊल आत-बाहेर न वळवता सरळ ठेवायचं. कॅमचा उंचवटा याच फोटोत उठून दिसतो. फॉल्स प्रोफाइल उभं राहून, कंबर ६५ अंश वळवून काढतात. वाटीचं छप्पर पुढच्या बाजूने किती आहे ते त्यात कळतं.

पहिला फोटो हातात आला की तो सरळ निघालाय का, हे घरच्या माणसालाही पाहता येतं. माकडहाडाचं टोक पुढच्या जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या हाडाच्या) सांध्याच्या रेषेतच हवं आणि त्याच्या वर साधारण १ ते ३ सेंटिमीटर. खालची दोन्ही अंडाकार भोकं सारख्या आकाराची हवीत. एक मोठं, एक लहान दिसलं तर कंबर वळलेली होती. अशा फोटोत पिन्सर नसताना दिसतो किंवा असून लपतो. नवा फोटो मागायला लाजू नका. पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे.

यावर तीन आकडे मोजून लिहून घ्यायचे. अल्फा कोन: गोलाभोवती वर्तुळ काढून हाड त्या वर्तुळाबाहेर कुठं निघतं ते पाहतात. ५५ ते ६० अंशांच्या वर गेला तर कॅम. सेंटर-एज कोन म्हणजे गोलावरचं छप्पर: २५ ते ३९ ठीक, ४० च्या वर पिन्सरकडे झुकतो, २० ते २५ सीमारेषेवर, २० च्या खाली डिस्प्लेसिया. तिसरं, सांध्यातली फट सर्वांत अरुंद जागी किती मिलिमीटर. ती २ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर दुर्बिणीच्या ऑपरेशनचा विषय जवळजवळ संपतो. कूर्चाच झिजली आहे, लॅब्रम शिवून ती भरत नाही.

एमआरआय यानंतर, दोन्ही खुब्यांचा मोठा फोटो आणि दुखऱ्या बाजूचे बारीक कट अशा दोन्हींसह. ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन असेल तर उत्तम. १.५ टेस्लावर करायचा असेल आणि शंका राहत असेल तर सांध्यात पातळ केलेलं गॅडोलिनियम हे फोटोत उठून दिसणारं औषध सोडून एमआर आर्थ्रोग्राम करतात, त्यात फाटलेली जागा स्पष्ट दिसते. पण रिपोर्ट वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवा. २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात खुबा अजिबात न दुखणाऱ्या ४५ स्वयंसेवकांचा एमआरआय काढला, तर ६९ टक्क्यांच्या खुब्यात लॅब्रम फाटलेला निघाला. २०१६ च्या वॉरविक करारात, म्हणजे हाडाच्या या चिमट्याबद्दलच्या जाहीर सहमतीतही, तज्ज्ञांनी हेच पक्कं केलं: तक्रार, तपासणीतली खूण आणि फोटो, तिन्ही जुळले तरच आजार म्हणायचा.

तरीही घोळ राहिला, म्हणजे मणकाही बिघडलाय आणि खुबाही, तर सोनोग्राफीखाली सांध्यात भूल देणारं इंजेक्शन हा सर्वांत कामाचा मार्ग. आधी दुखणारी हालचाल करून दुखण्याला दहापैकी गुण द्या. इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने तीच हालचाल करा, पुन्हा गुण द्या, पुढचे चार तास लिहीत राहा. दुखणं निम्म्याहून जास्त उतरलं तर उगम सांध्यात. काहीच फरक नसेल तर ऑपरेशननेही फरक पडण्याची आशा कमी. इंजेक्शनात स्टेरॉइड मिसळलं असेल तर पुढचे तीन महिने ऑपरेशन टाळतात, जंतुसंसर्गाची भीती वाढते म्हणून.

बारा आठवडे

व्यायाम म्हणजे ताणणं, हा गैरसमज आधी सोडायचा. पद्मासन, फुलपाखरू आसन, गुडघा छातीशी दाबणं, या सगळ्यांत चिमटणारी जागाच पुन्हा चिमटली जाते. योगवर्गात सांगून ठेवा. बैठका मारायच्याच असतील तर मांडी जमिनीला समांतर व्हायच्या आधी थांबा. पोटावरचे व्यायाम करताना दोन्ही पाय सरळ उचलणं बंद.

करायचं ते नितंबाच्या आणि पोटाच्या खोल स्नायूंचं बळ. उताणं झोपून कंबर उचलायची आणि ५ सेकंद धरायची. कुशीवर झोपून, टाचा जुळवून वरचा गुडघा उघडायचा, कंबर मागे कलंडू द्यायची नाही. कुशीवर कोपरावर तोल. उभं राहून रबरी पट्टा घोट्याला बांधून पाय बाजूला नेणं. प्रत्येकी १० ते १२ वेळा, ३ फेऱ्या, आठवड्यात ३-४ दिवस. दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते उरायला नको.

बसण्यात गुडघा खुब्याच्या खाली राहील एवढी उंची हवी. ट्रॅक्टरच्या आणि बसच्या सीटवर उशी घ्या. विड्या वळणाऱ्यांनी आणि कांदा निवडणाऱ्यांनी जमीन सोडून उंच पाट किंवा स्टूल. घरात इंग्रजी संडास नसेल तर मेडिकल स्टोअरमधली कमोड खुर्ची आत्ताच आणा, ऑपरेशन झालंच तरी ती लागणार आहे.

ऑपरेशनचा खरा फायदा किती? ब्रिटनमधल्या २३ रुग्णालयांत ३४८ रुग्णांवर केलेली चाचणी २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. एका गटाला ऑपरेशन, दुसऱ्याला नुसता फिजिओथेरपीचा व्यायाम. एक वर्षाने दोन्ही गट सुधारले होते. दुर्बिणीच्या ऑपरेशनवाल्यांना खुब्याच्या त्रासाच्या शंभराच्या मापावर ६.८ गुण जास्त मिळाले. म्हणजे फायदा आहे, पण व्यायाम फुकट गेला असंही नाही. ऑपरेशनला जाणाऱ्यालाही हे बारा आठवडे वाया जात नाहीत.

कुठलं ऑपरेशन, कुणाला

कॅम-पिन्सरला दुर्बिणीचं, म्हणजे हिप आर्थ्रोस्कोपी. डिस्प्लेसियाला, सेंटर-एज कोन २० च्या खाली असेल तर, वाटीच फिरवून बसवायचं ऑपरेशन: पीएओ. ते बर्नचे राइनहोल्ड गान्झ यांनी १९८४ मध्ये सुरू केलं; २००३ मध्ये हाडाच्या चिमट्यामुळे झीज होते हे मांडणारेही तेच. पीएओमध्ये वाटीभोवतीचं हाड कापून, मागचा खांब शाबूत ठेवून, वाटी फिरवतात आणि स्क्रूने बसवतात. मोठं ऑपरेशन आहे, दोन महिन्यांच्या आसपास कुबड्या. पण उथळ वाटीच्या खुब्यात नुसती दुर्बीण घालून काठ घासला, तर होतं तेवढंही छप्पर जातं आणि गोल बाहेर सरकू लागतो. सीमारेषेवरच्यांनी दुसऱ्या सर्जनचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. कूर्चा झिजलेल्या, पन्नाशीच्या पुढच्या माणसाला बहुधा आज ना उद्या खुबा बदलणंच बरं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पाय खास टेबलावर ओढून सांध्यात साधारण १ सेंटिमीटर फट करतात. मांड्यांच्या मध्ये जाड गादीचा खांब असतो. ओढ दोन तासांच्या आत सुटायला हवी. जास्त वेळ किंवा पातळ गादी असेल तर जांघेतली आणि लघवीच्या जागेची संवेदना बधिर होते. ती बहुतेकदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत परत येते. मग काठ लागेल तेवढा घासतात, लॅब्रम बारीक अँकरच्या (हाडात रोवायच्या खुंटीच्या) धाग्याने हाडाला शिवतात, ओढ सोडतात आणि खुबा वाकवून कॅमचा उंचवटा बर नावाच्या, हाड घासणाऱ्या फिरत्या हत्याराने उतरवतात. किती उतरवायचा हे सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन टेबलाजवळच्या एक्स-रे यंत्रावर, पाहत ठरतं. मानेच्या जाडीच्या ३० टक्क्यांपलीकडे गेलं तर मान मोडण्याचा धोका. कमी काढलं तर चिमटा राहिला. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं सर्वांत मोठं कारण हेच, राहिलेला कॅम.

म्हणून सर्जनला पाच गोष्टी विचारा. वर्षाला खुब्याच्या किती दुर्बिणी करता? (गुडघ्याच्या नव्हे.) लॅब्रम शिवणार की कापून टाकणार? शिवता येत असेल तर शिवणंच बरं. शेवटी सांध्याची पिशवी बंद करणार का? कोन आधी किती होता आणि नंतर किती, ते डिस्चार्ज कागदावर लिहून द्याल का? आणि आत कूर्चा गेलेली निघाली तर काय करणार? नवखा हात आणि खुब्याची दुर्बीण हे जमत नाही. हे काम शिकायला गुडघ्यापेक्षा जास्त अवघड आहे.

संमतीपत्र बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडात असतं. सही करण्याआधी मराठीत समजावून मागा, तो तुमचा हक्क आहे.

कार्ड, कागद, प्रवास

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकात बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएलला पॅकेज दराच्या ३० टक्के. मोठ्या उपचाराला सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं. सहकारी संस्थेचे सभासद असाल तर कर्नाटकाच्या यशस्विनी आरोग्य योजनेचं पाहा. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. आपलं गाव त्या यादीत आहे का हे तपासा. पण कुठल्याही योजनेत 'हाडाचं ऑपरेशन बसतं' एवढ्यावर निघू नका. खुब्याच्या दुर्बिणीचा पॅकेज कोड आहे का आणि अँकरचे पैसे त्यात धरलेत का, हे आरोग्यमित्राकडून (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाकडून) आधी विचारून मंजुरी हातात घ्या. बिल फुगतं ते अँकरवरच.

पुण्याला किंवा बेंगळुरूला जायचं झालं तर येताना बस नको. गाडीत पुढची सीट मागे कलवून, खाली उशी घालून बसा आणि तासाला एकदा उतरा. बेंगळुरूहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचा खालचा बर्थ त्याहून बरा, पाय सरळ राहतो. प्रवासभर घोटे वर-खाली हलवत राहायचे, पोटरीत गुठळी होऊ नये म्हणून.

घरी आल्यावर

पहिले २ ते ४ आठवडे दोन कुबड्या आणि पाऊल सपाट टेकवून साधारण १० किलो वजन. १० किलो म्हणजे किती, हे अंदाजाने जमत नाही. वजनकाट्यावर ऑपरेशनचा पाय ठेवा, काटा १० वर येईपर्यंत दाबा, तो दाब पायात ओळखीचा होईपर्यंत रोज करा. पाय अधांतरी उचलून चालू नका. त्याने खुब्याच्या पुढचा स्नायू सुजतो. कूर्चेला भोकं पाडून मायक्रोफ्रॅक्चर केलं असेल तर हीच मुदत ६ ते ८ आठवडे. कुबडीची मूठ मनगटाच्या घडीशी, कोपर किंचित वाकलेलं, वरची गादी काखेपासून दोन-तीन बोटं खाली. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

पावसाळ्यात खानापूर-चंदगडच्या बाजूला अंगण, ओसरी, न्हाणीघर सगळंच ओलं असतं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर कुबडीचं झिजलेलं रबर हमखास घसरतं. रबर नवीन लावा आणि न्हाणीघरात पाट नको, प्लास्टिकची उंच खुर्ची ठेवा. झोपायला खाली अंथरूण नको, गुडघ्याएवढ्या उंचीची कॉट हवी. कुशीवर वळताना पायांमध्ये उशी.

पहिले दोन-तीन आठवडे खुबा ९० अंशांपलीकडे वाकवायचा नाही, पाय मागे ताणायचा नाही, पाऊल बाहेर फिरवायचं नाही. सुमारे चार आठवडे सरळ पाय स्वतःच्या जोराने उचलायचा नाही. कॉटवर चढताना पंचाचा फास पावलात अडकवून हाताने उचला. घरातल्या एकाला हे शिकवून ठेवा: पेशंट उताणा, गुडघा वाकवलेला, पायाचं सगळं वजन आपल्या हातांवर घेऊन गुडघ्याने लहान लहान वर्तुळं काढायची, ५ मिनिटं एका दिशेने, ५ उलट, दिवसातून दोनदा. पेशंटने पाय सैल सोडायचा. सांध्यात चिकटणं धरू नये म्हणून हे, आणि टाळलं जातं तेही हेच. व्यायामाची सायकल सीट उंच ठेवून, जोर न लावता, २० मिनिटं. दिवसातून दोन-तीनदा पालथं पडून राहा. टाके १० ते १४ दिवसांनी. हाड नको तिथं वाढू नये म्हणून काही आठवडे सूज उतरवणारी गोळी देतात. अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा.

ताप आणि टाक्यांतून पाणी, पोटरी एकाच बाजूला सुजणं, अचानक दम लागणं, किंवा एकाएकी जांघेत कळ येऊन पाय टेकवेनासा होणं, यात फोन करून वाट पाहायची नाही, दवाखान्यात जायचं.

लंगडणं थांबल्याशिवाय कुबड्या सोडू नका, तारीख काहीही असो. गाडी चालवता येणं गोळ्या थांबल्यावर आणि ब्रेक जोरात दाबता आल्यावर, साधारण ४ ते ६ आठवड्यांनी; किक मारायची दुचाकी त्यानंतरही पुष्कळ उशिरा. पळणं तीन-चार महिन्यांनी, तेही एका पायावर अर्धं बसताना गुडघा आत पडत नसेल तर. खेळ ४ ते ६ महिन्यांनी, कुस्ती-कबड्डी त्याच्याही पुढे. भरतीच्या १६०० मीटरची तारीख पाहून ऑपरेशनचा दिवस ठरवणारे पोरगं परत दवाखान्यात आणतात.

सहा महिन्यांनंतरही तीच जुनी कळ येत असेल तर नवा एमआरआय नंतर; आधी तोच ४५ अंशांचा डन व्ह्यू पुन्हा काढा आणि ऑपरेशनआधीच्या फोटोशेजारी ठेवून अल्फा कोन मोजायला सांगा. तो उतरलेला नसेल तर कारण सापडलं. उतरला असेल तर छप्पर कमी तर नाही झालं, मांडीचं हाड पिळलेलं तर नाही, हे सीटीवर पाहतात. जुने फोटो आणि एमआरआयची सीडी यासाठीच टाकून द्यायची नसते. नुसत्या रिपोर्टच्या कागदावरून दुसरा सर्जन काहीच मोजू शकत नाही.